१५ (अक्षरी पंधरा) गोळ्या

औरंगपुऱ्यात माझं मेडिकल आहे. दुकानाच्या कडेनं एक अरुंद जिना वर जातो. आज त्या जिन्यानं वर गेलात तर मोबाईलची कव्हरं मिळतील, पण दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिथं एका दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. त्यांच्या चिठ्ठ्या मी अठरा वर्षं वाचल्या. लोक सकाळी पेपर वाचतात, मी दिवसभर चिठ्ठ्या वाचतो, तेव्हा मला त्यातलं कळतं असं म्हणायला हरकत नाही. अख्ख्या संभाजीनगरात तशी चिठ्ठी लिहिणारा दुसरा डॉक्टर दाखवा, मी शटर ओढून मुकुंदवाडीला घरी जाऊन बसेन.

आता तुम्ही म्हणाल, चिठ्ठीत काय एवढं? तर ऐका. सगळ्यात वर पेशंटचं पूर्ण नाव. नुसतं 'काकू' किंवा 'शेजारच्या वहिनी' चालायचं नाही. मग वय, गाव, वजन, तारीख. औषधाचं नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत, प्रत्येक अक्षर सुटं, पहिलीतल्या पोरानं वाचावं असं. गोळी किती मिलिग्रॅमची ते. त्याखाली मराठीत, 'सकाळी जेवल्यावर एक, दुपारी जेवल्यावर एक, रात्री जेवल्यावर एक, पाच दिवस.' एक-शून्य-एक असली खुणांची भाषा त्यांना मंजूरच नव्हती. शेवटी एकूण गोळ्या आकड्यात आणि अक्षरात, चेकवर लिहितात तशा: १५ (अक्षरी पंधरा). खाली जी जागा उरेल तिच्यावर तिरपी रेघ, रेघेला टेकून सही, सहीखाली नोंदणी क्रमांक. रेघ कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "मोकळी जागा दिसली की माणसाला काहीतरी लिहावंसं वाटतं."

दिसायला माणूस म्हणजे काडी. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशाला तीन पेनं. निळं चिठ्ठीला, लाल ज्याला एखादं औषध सोसत नाही त्याची नोंद करायला, आणि तिसरं कोणी मागितलं तर द्यायला. ते तिसरं कधी चालायचं नाही. संध्याकाळी दवाखाना उघडायच्या आधी समोरच्या हलवायाकडची गरम इमरती उभ्यानं खायचे, आणि मग माझ्या पायरीशी येऊन तीन चुळा भरायचे. दातांचा डॉक्टर भर रस्त्यात इमरती खातो, हे बघून पोरं हसायची. "गोड खायला माझी ना नाही," ते चूळ थुंकून म्हणायचे, "गोड तोंडात ठेवून बसायला आहे."

त्यांच्या दवाखान्यात शिरलं की पहिल्यांदा वजनकाटा. दात दुखून जीव चाललेला असो, गाल सुजून डोळ्यापर्यंत गेलेला असो, आधी चप्पल काढायची आणि काट्यावर उभं राहायचं. लोक चिडायचे. अहो दात दुखतोय, वजन कशाला? त्यावर त्यांचं एकच वाक्य ठरलेलं होतं: "दात तोंडात आहे. औषध अख्ख्या अंगात जाणार आहे. चप्पल काढा." एकदा आमच्या भागातले एक पुढारी आले, मागं चार माणसं, दोन्ही हातांत कडी-अंगठ्या, खिशात दोन मोबाईल. डॉक्टरांनी सगळं टेबलावर काढून ठेवायला लावलं. पुढारी म्हणाले, "डॉक्टर, ओळखलं नाही का मला?" डॉक्टर म्हणाले, "ओळखलं की. वजन तेवढं माहीत नाही." चारी माणसं जिन्यात तोंड दाबून हसत होती. मी खालून ऐकलंय.

त्यानंतर पाठांतर. चिठ्ठी हातात दिली की पेशंटनं ती मोठ्यानं वाचायची. वाचता येत नसेल तर डॉक्टर सांगतील ते म्हणून दाखवायचं. चुकलं की परत. बाहेर बाकावर बसलेल्यांना दुसऱ्यांच्या गोळ्या पाठ व्हायच्या. एखादी म्हातारी आत अडखळली की बाहेरून चार आवाज यायचे, "जेवल्यावर, आजी, जेवल्यावर!" आत डॉक्टर ओरडायचे, "कॉपी चालणार नाही!" मला खाली दुकानात बसल्या बसल्या शाळा भरल्यासारखं वाटायचं.

बरं, एवढं करून चिठ्ठीवर औषध असेलच असं नाही. कित्येकदा सगळं साग्रसंगीत लिहिलेलं, नाव, वय, वजन, तारीख, आणि औषधाच्या जागी, 'औषध लागत नाही. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, दिवसातून चार वेळा, तीन दिवस.' खाली रेघ, सही, क्रमांक. लोक ती चिठ्ठी घेऊन माझ्याकडं यायचे आणि म्हणायचे, "ह्यातलं काय हाय ते द्या." मी म्हणायचो, मीठ किराणा दुकानात मिळतं. मग लोक माझ्यावर खेकसायचे. जणू मीच औषध लपवून ठेवलंय! माझा स्वभाव मुळात तापट, त्यात हे. दवाखान्याखाली मेडिकल टाकलं तेव्हा बायको म्हणाली होती, जागा मोक्याची मिळाली. मोक्याची कसली, वरून मिठाच्या चिठ्ठ्या गळत होत्या.

खुर्चीत बसल्याशिवाय चिठ्ठी नाही, हा दुसरा कायदा. फोनवर तर नाहीच नाही. त्यांच्या सख्ख्या मेव्हण्यानं जालन्याहून फोन केला, दाढ ठणकतेय, एखादी गोळी सांगा भाऊजी. डॉक्टर म्हणाले, या. मेव्हणा बिचारा एसटीनं आला, बाकावर नंबर लावून बसला, चप्पल काढून काट्यावर उभा राहिला, चिठ्ठी पाठ म्हणाला आणि माझ्याकडं गोळ्या घ्यायला आला तेव्हा मला म्हणाला, "आमच्या ताईनं ह्या माणसाबरोबर इतकी वर्षं कशी काढली हो?"

एकदा दौलताबादचा एक जण प्लास्टिकमध्ये मढवलेली चिठ्ठी घेऊन आला. लॅमिनेशन केलेलं, शाळेच्या सर्टिफिकेटला करतात तसं. तीन वर्षांपूर्वीची, त्याच्या भावजयीच्या नावाची. म्हणाला, "लई गुणाची चिठ्ठी हाय. आमच्या गल्लीत कुणाचाबी दात दुखला की हीच चालवतो." मी त्याला तसाच वर पाठवला; पुढचं बाकावरच्या लोकांनी सांगितलं. डॉक्टरांनी चिठ्ठी दिव्याखाली धरून बघितली. कात्री मागवली आणि त्याच्यासमोर तिचे चार तुकडे केले. तो माणूस रडायचाच बाकी. "ओ साहेब, किती जणांचे दात बरे झाले हो तिच्यावर!" डॉक्टर म्हणाले, "बरे नाही झाले. गप्प झाले." आणि मग त्या माणसाला खुर्चीत बसवलं, तर त्याच्या स्वतःच्याच चार दाढा आतून पोखरलेल्या निघाल्या. त्या दिवसापासून प्रत्येक चिठ्ठीवर आणखी एक ओळ वाढली, 'ही चिठ्ठी फक्त ह्या माणसासाठी, आजपासून सात दिवस.'

आता माझं आणि त्यांचं सांगतो. दुकान टाकून दोन महिने झाले असतील. त्यांची चिठ्ठी आली, त्यातली साधी गोळी माझ्याकडं संपलेली होती. मी त्याच औषधाचं जरा जोराचं भावंड दिलं आणि पेशंटला वर सांगितलं, हे त्याहून भारी आहे. अर्ध्या तासात डॉक्टर खाली. ॲप्रन घातलेला, हातात तो तोंडात घालायचा छोटा आरसा तसाच. दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं.

"हे मी लिहिलं होतं का?"

"सर, तेच आहे. जरा जास्त पॉवरचं."

"पॉवर कोणी मागितली होती?"

मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी सगळ्यांसमोर मला दहा मिनिटं उभं केलं. चिठ्ठी म्हणजे किराण्याची यादी नाही. चिठ्ठी म्हणजे डॉक्टरनं फार्मासिस्टला लिहिलेलं पत्र आहे. पटलं नाही, माल नसला, शंका आली तर पत्राला उत्तर द्यायचं असतं, वर यायचं असतं, मनानं काही करायचं नसतं. बोलले ते शंभर टक्के खरं. पण बोलायची ती काय रीत? माझे कान तापले होते. आमच्या घरातला डिप्लोमा केलेला मी पहिला, आणि हा माणूस मला गिऱ्हाइकांसमोर वर्गाबाहेर उभं करतो! त्यानंतर मी त्यांच्या चिठ्ठीत तसूभरही बदल केला नाही, पण एक शब्द विचारायला वरही गेलो नाही. 'विचारा' म्हणायचं, आणि विचारलं की खायला उठायचं, असल्या माणसाला कोण विचारणार? नमस्कार-चमत्कार चालू होते. ते मला 'ओ मेडिकल' म्हणायचे आणि मी त्यांना 'सर'. वर्षानुवर्षं एवढंच.

आणि त्यांची चूक व्हायचीच नाही, हेही होतंच. त्यांनी एक नवी पद्धत काढली होती, पिशवीची. पेशंटला आजार विचारले की लोक काहीबाही सांगतात. कुणी साखर लपवतो, कुणी बीपी विसरतो. म्हणून दारावर मोठ्या अक्षरांत पाटी लावली: 'येताना आपल्या चालू असलेल्या सर्व गोळ्या पिशवीत घालून आणाव्यात.' लोक खरंच आणायचे. हळदीच्या, साड्यांच्या, खताच्या पिशव्या. डॉक्टर त्या ट्रेमध्ये ओतायचे आणि एकेक पट्टी उलटून बघायचे. त्यांना फार अभिमान होता त्या पद्धतीचा. "माणूस विसरतो," म्हणायचे, "पिशवी विसरत नाही." हळूहळू तोंडी विचारायचं त्यांनी कमीच केलं. पिशवी बघितली की बास.

पिशवी चुकली तो दिवस शनिवारचा. दुपारी एकचा सुमार, बाजाराची गर्दी, बाहेर रिक्षांची पोंपों. चाळिशीचा एक माणूस चिठ्ठी घेऊन आला. हाही दौलताबादचाच, पेरूची बाग असलेला. त्याची आई बाहेर माझ्या पायरीवर बसलेली, उजवा गाल टम्म सुजलेला, पदर तोंडाला लावलेला. चिठ्ठी नेहमीसारखीच देखणी. सुजेमागच्या पूसाठी दोन प्रकारच्या गोळ्या, पंधरा-पंधरा, दुखण्यासाठी तिसऱ्या. रेघ, सही, क्रमांक. मी गोळ्या काढायला वळलो, तेवढ्यात तो म्हणाला, "आन् ह्या बी द्या महिन्याच्या," आणि त्यानं शर्टच्या खिशातून एक रिकामी पट्टी काढून काउंटरवर ठेवली.

मी पट्टी बघितली. रक्त पातळ करायची गोळी होती ती. साधीसुधी नव्हे, हृदयाची झडप बदललेल्या माणसाला जन्मभर खावी लागते ती.

"ही कुणाची?"

"आईचीच की."

"वर डॉक्टरांना दाखवली?"

"नाय. ती सध्या बंद हाय ना. दात काढायचा म्हणून चार दिवसापासून बंद केली. पाव्हणे म्हणले, ती चालू असली तर रक्त थांबत नाय. पण डॉक्टर म्हणले, सूज हाय, आत्ता काढत नाय, पाच दिवसांनी या. मग आई म्हणली, आजपासून परत चालू करते."

ज्या दोन औषधांचं एकमेकांशी हाडवैर, त्यातलं एक चिठ्ठीवर आणि दुसरं ह्या रिकाम्या पट्टीत. पूसाठीची दुसरी गोळी त्या बाईनं ह्या गोळीबरोबर खाल्ली असती, वर ती दुखण्याची, तर रक्त इतकं पातळ झालं असतं की कुठून वाहायला लागेल सांगता येत नाही. आणि चार दिवस बंद ठेवली ते त्याहून वाईट. लोखंडी झडपेवर गुठळी धरायला किती वेळ लागतो? बाई माझ्या पायरीवर बसून पदरानं वारा घेत होती.

खरं सांगतो, माझा हात रॅककडं गेला होता. चिठ्ठी बिनचूक होती. सही होती, क्रमांक होता. मी दिल्या असत्या तर उद्या मला कोणी बोट लावलं नसतं. आणि वर जाऊन त्या माणसाला, त्या माणसाला, सांगायचं की तुमची चिठ्ठी चुकली? गिऱ्हाइकांसमोरची ती दहा मिनिटं मला अजून आठवत होती. मी हात मागं घेतला. म्हणालो, "नाही देत."

"आं?"

"ह्या गोळ्या मी देत नाही."

"अहो डॉक्टरनं लिहिल्यात! सही हाय, समदं हाय! रिक्षा उभी हाय माझी!"

मागं उभा असलेला एक चाचा म्हणाला, "अरे भाई, दे दो ना. डॉक्टर ने लिख्या है तो तुमकू क्या करना है?" दुसरा कोणी म्हणाला, मेडिकलवाला असून गोळी देत नाही, कमाल आहे. मी चिठ्ठी आणि ती रिकामी पट्टी उचलली, काउंटर तसाच उघडा टाकला आणि जिना चढलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, न बोलावता.

बाक भरलेला. आत खुर्चीत एक माणूस आ करून बसलेला. डॉक्टर वाकलेले.

"सर, ही चिठ्ठी मी देत नाही."

बाहेर बाकावरच्या माना आमच्याकडं वळल्या. डॉक्टर सावकाश सरळ झाले आणि माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हा मला जिन्यावरून खाली टाकतो. मी पट्टी पुढं केली आणि एका दमात सगळं सांगितलं. झडप, चार दिवस, आजपासून परत चालू. त्यांनी पट्टी हातात घेतली, उलटी केली, परत सुलटी केली. चेहरा पांढराफटक. हातमोजे काढले, खुर्चीतल्या माणसाला म्हणाले, "तोंड मिटा, पाच मिनिटं," आणि माझ्या पुढं दोन-दोन पायऱ्या टाकत खाली गेले.

ते पायरीवर त्या बाईच्या शेजारी बसले. भर औरंगपुऱ्यात, ॲप्रन घालून, जमिनीवर.

"मावशी, छातीवर शिवण आहे का?"

बाईनं आधी लेकाकडं बघितलं. मग मान खाली घालून म्हणाली, "व्हय. सहा वर्ष झाली."

"मला का नाही सांगितलं?"

"दोन डॉक्टरांनी छातीचं ऐकून हात जोडले. कुणी दाताला हात लावंना. म्हनून म्हनलं, न्हाई सांगायचं. पर खोटं न्हाई केलं म्या, साहेब. तुमी म्हनले चालू गोळ्या आना. ही बंद होती. चालू तेवढ्या आनल्या."

आजूबाजूला दहा-पंधरा माणसं जमलेली. डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. मी पिशवीला विचारलं, तुम्हाला विचारलं नाही. चूक माझी आहे." हे हळू नाही म्हणाले. चाचांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले.

माझ्या काउंटरवरच्या फोनवरून त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला, लेकाच्या पाकिटात कार्ड होतं. पलीकडून उत्तर आलं, आत्ताच्या आत्ता पाठवा. त्यांच्याशी बोलत बोलतच डॉक्टरांनी काउंटरवर नवी चिठ्ठी लिहिली. दोन औषधं गेली, एक राहिलं, दुखण्यासाठी एक साधं आलं. एवढ्या घाईतसुद्धा अक्षर तेच, आकडा आणि अक्षरी तेच. बाईला त्याच उभ्या रिक्षात बसवलं. "तिथं पोचल्यावर ह्याच नंबरवर फोन करा," त्यांनी लेकाला तीनदा म्हणायला लावलं. आणि वर गेले, त्या उघड्या तोंडाच्या माणसाकडं.

पोचल्याचा फोन आला, तरी पुढचे दोन दिवस आम्हाला दोघांनाही चैन नव्हतं. ते दर तासाला जिन्यातून वाकून विचारायचे, "ओ मेडिकल, काही कळलं?" आणि मी मान हलवायचो. तिसऱ्या दिवशी लेकाचा फोन आला. गुठळी धरली नव्हती. रक्ताची तपासणी करून तिची गोळी नीट चालू केली होती, आणि सूजही उतरत होती. मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन ओरडलो, "सर, सुखरूप!" मी वर गेलो तर ते बेसिनपाशी उभे राहून चष्मा धूत होते. बराच वेळ धूत होते.

मग म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही चिठ्ठी कधी वाचली आणि वर कधी आलात? लेक रिक्षात बसताना म्हणत होता, बराच वेळ उभे होतात."

मी म्हणालो, "सर, खरं सांगू का? तुमची भीती वाटते."

त्यांनी चष्मा पुसला. "म्हणजे चिठ्ठीत दोन चुका होत्या," म्हणाले. "ही मोठी."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो तर भिंतीवर, बाकासमोर, काचेच्या चौकटीत ती रद्द केलेली चिठ्ठी. बाईचं नाव झाकलेलं. चिठ्ठीवर आडवी रेघ आणि खाली त्यांच्याच त्या सुट्या अक्षरांत: 'मी पिशवी पाहिली, पेशंटला विचारले नाही. चिठ्ठी चुकली. खालच्या फार्मासिस्टने औषध न देता अडवली, म्हणून अनर्थ टळला.' खाली सही आणि नोंदणी क्रमांक. मला म्हणाले, "तुम्हीही करा सही. नुसतं नाव नको, तुमचा क्रमांक घाला." मी माझा क्रमांक लिहिला. सांगायला लाज कशाची, लिहिताना माझे डोळे भरून आले होते. लग्नात पाटावर बसताना एवढी छाती फुगली नव्हती.

दवाखान्यात येणाऱ्या एका दुसऱ्या डॉक्टरांनी त्यांना समजावलं म्हणे, अशी आपली चूक भिंतीवर लावली तर पेशंट येतील का? हे म्हणाले, "येतील. आणि आल्यावर छातीचं सांगतील." तसंच झालं. बाकावर बसून लोक ती चौकट वाचायचे, ज्यांना येत नाही त्यांना दुसरे वाचून दाखवायचे, आणि आत गेल्या गेल्या सांगायचे, माझं हे ऑपरेशन झालंय, मी ती गोळी बंद केलीय, मला दिवस गेलेत. पिशवी राहिलीच, पण ट्रेमध्ये ओतल्यावर डॉक्टर आता विचारायचे, "ह्यात काय नाही?" आणि उत्तराची वाट बघायचे.

आणि रोज दुपारी दवाखाना बंद करायच्या आधी ते खाली यायचे. काउंटरला टेकून म्हणायचे, "बोला, आज कुठली चिठ्ठी खटकली?" सुरुवातीला मी नाही म्हणायचो. मग एकदा धीर करून म्हणालो, कालच्या त्या पोराचं वजन बघता डोस थोडा जास्त वाटतो. ते तिथंच कागद घेऊन गणित करत बसले. डोस बरोबर होता. तरी म्हणाले, "विचारलंत ते उत्तम." ते गेल्यावर बराच वेळ मी गिऱ्हाइकांशी उगाच गोड बोलत होतो. दोन वर्षांपूर्वी त्यांचा हात कापायला लागला, तेव्हा कोणी सांगायच्या आत स्वतःच दवाखाना बंद केला. आता मुलीकडं असतात. त्यांच्या चिठ्ठ्यांसारखी चिठ्ठी आता येत नाही, पण आलेल्या प्रत्येक चिठ्ठीला मी उत्तर देतो. काही डॉक्टर फोनवर वैतागतात. वैतागू देत. मी तेवढा तापट आहे.

त्या बाईचं मात्र सांगायचं राहिलं. दोन महिन्यांनी, हृदयाच्या डॉक्टरांना विचारून, झडपेला जंतू धरू नयेत म्हणून द्यायचं ते औषध तासभर आधी देऊन, आमच्या डॉक्टरांनी तिचा तो दात काढला. रक्त थांबेपर्यंत तिला दोन तास बाकावर बसवून ठेवलं. मग स्वतः तिचा हात धरून जिना उतरवला. तोंडात कापूस, हातात पेरूची पिशवी. ती माझ्या काउंटरसमोर थांबली आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. गिऱ्हाइकं होती, चार-पाच.

"तूच न्हवं रं त्यो, गोळी न देनारा?"

मी म्हणालो, "मीच, मावशी."

"गावात समद्यांला सांगून ठिवलंय म्या," कापूस सांभाळत ती म्हणाली. "दात दुखला की औरंगपुऱ्यात जायाचं. वर डॉक्टर हाय, त्यो चुकला तर चुकलो म्हनतो. आन् खाली मेडिकल हाय, त्यो गोळी देत नाय."

डॉक्टर मोठ्यानं हसले. गिऱ्हाइकंही हसली. मी म्हणालो, "अहो मावशी, देतो मी गोळ्या! असं सांगू नका, दुकान आहे माझं!"

"ते ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि पेरूची पिशवी माझ्या काउंटरवर ठेवली. "देनारे लई हायेत."